मापात पास, इंजिनात नापास: शिरोलीतल्या एका क्रँकशाफ्टचं प्रकरण

तक्रार आली ती बेअरिंगच्या शेलची, म्हणजे इंजिनाचा क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो त्या अर्धगोल वाट्यांची. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातून क्रँकशाफ्ट जायचे. ते घेणारा इंजिनवाला प्रत्येक इंजिन जोडून झालं की टेस्ट बेडवर चालवून पाहायचा, आणि त्यातली काही इंजिनं नंतर खोलून आतले भाग तपासायचा. खोललेल्या इंजिनांपैकी काहींमध्ये मेन बेअरिंगच्या शेलवरचा मऊ थर पुसट झालेला दिसला. पूर्ण गोलाईभर बारीक, समांतर रेघा होत्या. इंजिन जाम झालं नव्हतं, तेलाचा दाबही ठीक होता. पण काही तास चाललेल्या इंजिनाचे शेल काही वर्षं चालल्यासारखे दिसत होते.

कारखान्याचं आणि ग्राहकाचं नाव इथे देत नाही. माल कुठला ते मात्र सांगायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ त्यातच आहे. क्रँकशाफ्ट एसजी आयर्नचा, म्हणजे ओतीव होता. आयएस १८६५ मधली ७००/२ ही ग्रेड, मॅट्रिक्स (ग्रॅफाइटभोवतीचा धातू) मुख्यतः पर्लाइटचं, जर्नल (शाफ्टचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) हार्डन न केलेले. कास्टिंग गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीतून यायचं, आणि टर्निंग, ग्राइंडिंग, पॉलिश, धुणं, पॅकिंग ही सगळी कामं शिरोलीत व्हायची. उसाच्या पाण्याचे पंप आणि गुऱ्हाळं ऑइल इंजिनावर चालवणाऱ्या या जिल्ह्यात क्रँक ही काही नवलाची वस्तू नाही. उद्यमनगरातल्या जुन्या माणसांना तर क्रँक हातात घेऊनच तिची जात कळते. म्हणूनच असेल, पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडे कारण तयार होतं.

ड्रॉइंगवर जर्नलसाठी तीन अपेक्षा होत्या: व्यास, गोलाई आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा आरए ०.४ मायक्रॉनच्या आत. परत आलेले शाफ्ट मोजले तर तिन्हींत पास. आरए बहुतेक ठिकाणी ०.३ च्या आसपास आणि वाईट शाफ्टचा आकडा चांगल्या शाफ्टसारखाच. आता भांडायचं तरी कशावर?

पहिला आळ फौंड्रीवर

कोल्हापुरात मशिनिंगवाल्याला काहीही झालं की तो आधी फौंड्रीकडे बोट दाखवतो आणि फौंड्रीवाला मशिनिंगकडे. इथेही तसंच झालं, पण शंका अगदीच पोकळ नव्हती. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियमची प्रक्रिया करून ग्रॅफाइटला पाकळ्यांऐवजी गोळ्यांचा आकार दिलेला असतो. धातूत साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरावं लागतं. प्रक्रिया झाल्यावर लॅडल (वितळलेल्या धातूची बादली) फार वेळ थांबली तर मॅग्नेशियम उडून जातं आणि गोळ्यांचा आकार बिघडतो. बिघडलेल्या ग्रॅफाइटचा जर्नल घासला की कडा जास्त तुटतात.

परत आलेल्या दोन शाफ्टचे तुकडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गोळे छान गोल होते, संख्या पुरेशी होती. गोळ्यांभोवती फेराइटचं पांढरं कडं होतं, ज्याला बुल्स आय म्हणतात, बाकी पर्लाइट. या ग्रेडच्या ओतीव मालात जे दिसायला हवं तेच दिसलं. फौंड्री सुटली. पण ते पांढरं कडं लक्षात ठेवा. पर्लाइटच्या मानाने फेराइट मऊ आणि ताणला जाणारा, आणि त्याच्या आत ग्रॅफाइटचा गोळा, ज्याला धातूचा आधार म्हणून जवळपास काहीच किंमत नाही. एसजी आयर्नच्या घासलेल्या पृष्ठभागावर साधारण दहावा हिस्सा क्षेत्र ग्रॅफाइटचं असतं. म्हणजे जर्नलवर जागोजागी मऊ कडा असलेले बारीक खड्डे आहेत असं समजा.

दुसरा आळ इंजिनवाल्याच्या धुण्यावर

मशिनिंगवाल्यांचं म्हणणं: असेंब्लीत घाण राहिली असेल, ब्लॉकमधली ओतकामाची वाळू तेलात आली असेल. शेल भिंगाखाली पाहिल्यावर हे टिकलं नाही. तेलातून आलेला कण शेलमध्ये रुततो तेव्हा तिथे एखाद-दुसरा खोल ओरखडा पडतो आणि रुतलेल्या कणाभोवती धातू वर उचलला जाऊन चकाकणारं वलय तयार होतं. इथे वलयं नव्हती. झीज सगळीकडे सारखी, उथळ, जणू कोणी बारीक पॉलिश पेपर फिरवला आहे अशी. याचा अर्थ घासणारी गोष्ट तेलात नव्हती, ती जर्नलवरच होती.

तिसरा आळ जुन्या ग्राइंडरवर

प्रत्येक शाफ्टवर लॉट नंबर आणि मशीनचं अक्षर ठोकलेलं होतं, ही या कारखान्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. अनेक ठिकाणी ती नसते आणि मग सगळं प्रकरण तोंडी साक्षीवर चालतं. परत आलेले शाफ्ट मांडून पाहिले तर जवळपास सगळे एकाच मशीनचे. कारखान्यात क्रँक घासायची दोन ग्राइंडर होती: एक जुनं, हाताने चालवायचं, आणि एक अलीकडचं सीएनसी. वाईट शाफ्ट जुन्या मशीनचे.

निकाल लागल्यासारखंच होतं. जुनं मशीन भंगारात काढायचं असं मालकांचं जवळपास ठरलं होतं. त्या मशीनवरचे मिस्त्री मात्र ऐकायला तयार नव्हते. "साहेब, ह्याच मशीननं आजवर एवढ्या क्रँका काढल्यात. तवा न्हाई बिघडली आन् आत्ताच कशी वं बिघडंल?" मालक म्हणाले, "अहो मिस्त्री, म्हातारं झालंय ते." त्यावर मिस्त्री गप्प बसले. पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर कुणी देत नव्हतं.

मशीनची तपासणी केली, आणि इथे जरा थांबतो, कारण ग्राइंडिंगबद्दलचा एक मोठा गैरसमज याच टप्प्यावर माणसाला चकवतो. ग्राइंडिंग म्हणजे हजारो बारीक हत्यारांनी एकदम कापणं, असं आपल्याला शिकवलेलं असतं. ते अर्धसत्य आहे. व्हीलवरचा, म्हणजे ग्राइंडरच्या घासणाऱ्या चाकावरचा, कण बेढब असतो आणि बहुतेक वेळा त्याचा कोन धातूला वर काढण्यापेक्षा खाली दाबणारा असतो. म्हणून तो तीन प्रकारे वागतो: काही ठिकाणी खरोखर चिप काढतो, काही ठिकाणी धातू नुसता बाजूला आणि पुढे लोटतो, आणि कणाचं टोक बोथट झालेलं असेल तिथे नुसता घासत जातो. ऊर्जेचा हिशोब केला की हे स्पष्ट दिसतं. एक घन मिलिमीटर लोखंड थंड अवस्थेपासून वितळेपर्यंत तापवायला साधारण साडेदहा ज्यूल लागतात. फिनिश ग्राइंडिंगमध्ये एक घन मिलिमीटर धातू काढायला याच्या कित्येक पट ऊर्जा खर्ची पडते. चिप काढायला इतकी लागतच नाही. उरलेली लोटण्यात आणि घासण्यात जाते. खनिज दळणाऱ्या बॉल मिलचा हिशोब तर याहून वाईट असतो. तिथे नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा एकूण विजेचा अगदी छोटा हिस्सा असते आणि बाकी सगळी उष्णतेत जाते.

खनिजाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: क्रँकसाठी वापरलं जाणारं तपकिरी व्हील ज्या कणांचं बनतं, तो कण विजेच्या आर्क भट्टीत दोन हजार अंश सेल्सिअसवर बॉक्साइट वितळवून मिळतो. आपल्याच जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइट आहे. व्हीलवर 'ए' अक्षर असतं ते याच अॅल्युमिना कणासाठी. पुढचा आकडा कणाचा आकार, त्यापुढचं अक्षर बाँडचा कडकपणा आणि शेवटचा 'व्ही' म्हणजे काचेसारखा भाजलेला बाँड. असो.

जुन्या मशीनवर पहिली शंका ग्राइंडिंग बर्नची होती, म्हणजे घासताना जर्नल इतका तापला की वरच्या थराची रचना बदलली. अॅल्युमिना व्हीलने घासताना तयार होणाऱ्या उष्णतेचा बराच मोठा वाटा जॉबमध्येच, म्हणजे घासल्या जाणाऱ्या वस्तूतच शिरतो. पाण्यात मिसळलेलं कूलंट तिथे पोचलं तरी पृष्ठभाग साधारण १२० ते १३० अंशांच्या वर गेला की वाफेचा पडदा तयार होतो आणि कूलंट कामातून जातं. नायटल म्हणजे अल्कोहोलमधलं पातळ नायट्रिक ॲसिड. ते लावून जर्नल तपासले. पुन्हा कडक झालेला पांढरा डाग कुठेच नव्हता. बर्न नव्हता.

तरीही कूलंटची नोझल पाहून राहवलं नाही. दाब होता जेमतेम १ बार. गणित सरळ आहे: १ बार दाबाने पाणी नोझलमधून साधारण १४ मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडतं. आणि ७५० मिलिमीटरचं व्हील मिनिटाला ८४० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ३३ मीटर प्रति सेकंद. व्हील आपल्याभोवती हवेचा थर घेऊन फिरतं आणि संथ धार त्या थरावरून उडून जाते. धारेचा वेग व्हीलइतका हवा असेल तर नोझलपाशी साडेपाच बारच्या आसपास दाब लागतो. पंप बदलला आणि नोझलचं तोंड लहान करून व्हीलच्या जवळ आणलं. त्याचा फायदा झाला. व्हील चोंदेनासं झालं, धार आणायला त्याला डायमंड मारायची वेळ लांबली. शेलची तक्रार मात्र तशीच राहिली. चांगलं काम झालं, पण या दुखण्याचं औषध ते नव्हतं.

तक्रारींच्या यादीतली दुर्लक्षित ओळ

ग्राहकाने पाठवलेल्या तक्रारींची जुनी फाइल काढली. मोठ्या तक्रारींच्या खाली, साफसफाई-टापटिपीच्या सदरात मोडतील अशा किरकोळ गोष्टी होत्या: खोक्यात ओल, टोपणं सैल, आणि एका ठिकाणी 'जर्नलला कापसाचे धागे चिकटलेले'. या शेवटच्या ओळीवर कारखान्याने केलेली कारवाईही लिहिलेली होती: कॉटन वेस्टचा पुरवठादार बदलला.

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. गंजरोधक तेल लावण्याआधी पॅकिंगमध्ये शाफ्ट कॉटन वेस्टने पुसतात. धागे तेलामुळे चिकटले असते तर शाफ्टच्या सगळ्या भागांना चिकटले असते, जर्नलांना जोडणाऱ्या बाजूच्या जाळ्यांना (वेब) आणि फ्लायव्हीलच्या टोकाच्या फ्लँजलाही. तक्रारीत फक्त जर्नलचा उल्लेख होता. म्हणजे जर्नलवर काहीतरी धागा पकडत होतं.

स्टोअरमधून कोरडा कापूस मागवला आणि परत आलेल्या एका शाफ्टच्या जर्नलवरून गोलाईच्या दिशेने हलक्या हाताने ओढला. एका बाजूने ओढला तर सरकन निघून गेला. उलट बाजूने ओढला तर मागे बारीक तंतूंची रांग राहिली. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की माशाची खवलं टोचतात, तसा तो जर्नल होता. आरए मात्र ०.३.

हे कसं शक्य आहे? आरए हा सरासरीचा आकडा आहे. मधल्या रेषेपासून पृष्ठभाग वर किंवा खाली किती गेला, याची चिन्ह न पाहता काढलेली सरासरी. खड्डे असलेला सपाट पृष्ठभाग आणि टोकं असलेला सपाट पृष्ठभाग, दोघांचा आरए तंतोतंत सारखा असू शकतो. बेअरिंगला मात्र पहिला चालतो आणि दुसरा मारतो. खड्डा आणि टोक यांतला फरक सांगणारी मापं आहेत. स्क्यूनेसचं चिन्ह पाहता येतं, किंवा ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या भारवाहक वक्रावरून टोकांची उंची वेगळी काढता येते. पण दिशा त्यांतूनही कळत नाही. शिवाय कारखान्यात सरफेस टेस्टरची सुई जर्नलच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे ग्राइंडिंगच्या रेघांना आडवी, ४ मिलिमीटर फिरवतात. नियमाने तेच बरोबर आहे. आपला दोष मात्र गोलाईच्या दिशेने पडलेला होता. ज्या वाटेने चोर गेला त्या वाटेवर पहारा नव्हताच.

पापुद्रे

शाफ्ट न कापता पृष्ठभाग पाहायची एक स्वस्त युक्ती आहे. सेल्युलोज ॲसिटेटची पातळ पट्टी ॲसिटोनमध्ये भिजवून जर्नलवर चिकटवायची, वाळली की सोलायची. पट्टीवर पृष्ठभागाचा ठसा उमटतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठसे पाहिले. ग्रॅफाइटच्या खड्ड्यांवर एका बाजूने धातूचा पापुद्रा ओढला गेला होता: एक बाजू धातूला जोडलेली, दुसरी मोकळी आणि फाटकी. फेराइटचं ते मऊ कडं व्हीलच्या कणांनी लोटून गोळ्यावर पसरवलं होतं. जर्नल आणि शेलमधला तेलाचा थर सगळ्यात अरुंद जागी मायक्रॉन-दोन मायक्रॉनपर्यंत खाली येऊ शकतो. तिथे वर आलेली फाटकी कड शेलला लागणारच.

एसजी आयर्नचा जर्नल घासला की पापुद्रे येतात, ही गोष्ट बेअरिंग बनवणाऱ्यांना जुनी माहीत आहे. अॅल्युमिनियम-टिनच्या शेलमध्ये सिलिकॉनचे कडक कण मिसळण्यामागे एक हेतू हाच होता: शेलने स्वतः जर्नलवरचे पापुद्रे घासून काढावेत. शेल जर तांबं-शिशाचा आणि वर मऊ थर दिलेला असेल, तर तो हे करू शकत नाही. त्याचा वरचा थर अवघा १५ ते २५ मायक्रॉनचा असतो आणि तोच आधी जातो. या इंजिनात हाच, तांबं-शिशाचा शेल होता.

पापुद्रे येतातच, तर मग इतकी वर्षं तक्रार का नव्हती? आणि नव्या मशीनच्या शाफ्टना का नाही?

दिशेचा हिशोब

मार्करने एका शाफ्टच्या फ्लँजवर बाण काढला: इंजिनात तो फ्लायव्हीलकडून पाहता कोणत्या दिशेने फिरतो ते दाखवणारा. घड्याळाच्या काट्याच्या उलट. मग तो शाफ्ट घेऊन प्रत्येक मशीनपाशी उभा राहिलो.

ग्राइंडरवर जॉबही फिरतो आणि व्हीलही. पण व्हील ३३ मीटर प्रति सेकंद आणि जर्नल मिनिटाला २५ मीटर, म्हणजे व्हील ऐंशी पट वेगवान. त्यामुळे पापुद्रा कुठल्या दिशेला ओढला जाणार हे व्हीलच ठरवतं. जॉब कुठे फिरतो याला महत्त्व नाही. ऑपरेटर समोर उभा असताना मागचं व्हील जर्नलवर वरून खाली येतं. आता शाफ्ट कसा बांधला यावर सगळं अवलंबून. फ्लँज डावीकडे, हेडस्टॉकला (जॉब फिरवणाऱ्या टोकाला) असेल तर फ्लँजकडून पाहता धातू काट्याच्या उलट दिशेने ओढला जातो, म्हणजे इंजिनाच्याच दिशेने. फ्लँज उजवीकडे असेल तर बरोबर विरुद्ध. जुन्या मशीनवर फ्लँज डावीकडे असायची. सीएनसीवर शाफ्ट फिरवणाऱ्या ड्रायव्हरची रचना वेगळी होती म्हणून उजवीकडे. दोन्ही मशीनवरचे पापुद्रे एकमेकांच्या उलट, आणि ही गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती.

पॉलिश मशीनवर याच्या उलट. तिथे मशीनच्या हातांमध्ये पकडलेला पॉलिश पेपर जवळपास स्थिर असतो आणि शाफ्ट फिरतो. म्हणजे शाफ्ट ज्या दिशेने फिरेल त्याच्या विरुद्ध दिशेला पेपर धातू ओढतो. शाफ्ट इंजिनाच्या दिशेने फिरवून पॉलिश केला तर उरलेल्या पापुद्र्यांच्या मोकळ्या कडा मागे वळतात आणि शेलवरून गुपचूप सरकतात. उलट फिरवला तर कडा पुढे येतात आणि शेलमध्ये घुसतात. म्हणून जाणकारांची रीत अशी: ग्राइंडिंग असं करायचं की पापुद्रे इंजिनाच्या दिशेला झुकतील आणि पॉलिश विरुद्ध बाजूने, म्हणजे पेपर मोकळ्या कडेवर समोरून आदळून ती तोडून टाकेल.

प्रोसेस शीटवर पॉलिशची दिशा लिहिलेली होती, आणि ती बरोबर होती. मी बाण काढलेला शाफ्ट पॉलिश मशीनवर चढवून बटण दाबायला सांगितलं. शाफ्ट उलटा फिरत होता.

मेन्टेनन्सच्या रजिस्टरमध्ये उत्तर मिळालं. पावसाळ्यात पॉलिश मशीनची मोटर जळाली होती. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, तसलं काही या खेपेला नव्हतं. नुसती दमट हवा आणि जुनं वाइंडिंग. मोटर रिवाइंडिंगला गेली, परत आली, जोडली. तीन फेजच्या मोटरला कुठल्याही दोन वायरी आलटून-पालटून लागल्या की ती उलट फिरते. पंप किंवा पंखा असता तर लगेच कळलं असतं. पॉलिश मशीन दोन्ही दिशांनी सारखंच काम करतं, चमक तीच, आरए तोच. ऑपरेटरला कळायला काही मार्गच नव्हता. त्याच सुमारास व्हीलचा ब्रँड बदलला होता आणि फौंड्रीने कोअरची वाळू बदलली होती, त्यामुळे 'अलीकडे काय बदललं' या प्रश्नाला प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं आणि मोटर कुणाला आठवली नाही.

आता जुळवून पाहा. मोटर जळण्याआधी: जुन्या ग्राइंडरचे पापुद्रे पुढे झुकलेले, पेपर समोरून येऊन तोडायचा, माल उत्तम. सीएनसीचे पापुद्रे मागे झुकलेले, पेपर त्यांना तसेच चेपायचा. पूर्ण निघत नसत, पण शेलला त्रास देत नसत. मोटर उलटी लागल्यावर: सीएनसीचे पापुद्रे मागे झुकलेले, पेपर आता समोरून येऊन तोडू लागला. त्यातून पुढे झुकलेले थोडे बारीक अवशेष उरले, पण एकंदर चाललं. आणि जुन्या ग्राइंडरचे पापुद्रे पुढे झुकलेले असताना पेपरही त्यांना पुढेच चेपू लागला. एकही तुटला नाही, सगळे शेलच्या दिशेला तोंड करून बसले. रीतीप्रमाणे घासणारं मशीन होतं ते जुनंच, आणि भंगारात निघालं होतं तेही तेच.

खात्री

अंदाज कितीही देखणा असला तरी मोटरच्या दोन वायरी बदलून मोकळं होणं मला पटेना. एकाच लॉटचे शाफ्ट घेतले, दोन्ही ग्राइंडरवर वाटले आणि दोन्ही दिशांनी पॉलिश करून चारही जोड्या तयार केल्या. प्रत्येकाला कापूस, ठसा आणि आरए. आरए चौघांचा एकाच पट्ट्यात. कापसाने मात्र चौघांना वेगळं केलं आणि ठशांनी कापसाची साक्ष खरी ठरवली. जुनं मशीन आणि उलट पॉलिश ही जोडी इतकी धागे धरत होती की तपासणाऱ्या मुलाने हातच काढून घेतला. इंजिनवाल्याने चारही प्रकार टेस्ट बेडवर चालवले. पुसट झालेले शेल त्याच एका जोडीत निघाले.

मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आता मशीन ऱ्हाणार न्हवं?"

काय बदललं

मोटरची जोडणी सुधारली. पॉलिश मशीनवर बाण रंगवला आणि मोटर काढून पुन्हा जोडली की दिशा तपासून सही करायची नोंद मेन्टेनन्सच्या फॉर्मवर आली. पॉलिश आता दोन टप्प्यांत होतं: आधी थोडा वेळ उलट, मग इंजिनाच्या दिशेने. पहिल्या टप्प्यात सीएनसीचे पापुद्रे तुटतात, दुसऱ्यात जुन्याचे, आणि शेवट नेहमी एकाच दिशेने. वेळ थोडा वाढला. गोदामात पडून असलेला माल पुन्हा पॉलिश केला. पॉलिशने निघणारा थर इतका पातळ असतो की व्यास हाताबाहेर जायची भीती नव्हती, तरी प्रत्येक जर्नल पुन्हा मोजला.

तपासणीत कापसाची चाचणी घातली. यावर क्वालिटीच्या लोकांनी नाक मुरडलं: आकडा नाही, नोंद काय करायची? मी म्हटलं, 'धरतो' किंवा 'धरत नाही' असं लिहा. आरए ठेवलाच, पण त्याच्या जोडीला टोकांची उंची सांगणारं माप घेतलं, कारण सरफेस टेस्टरमध्ये ते होतंच, फक्त कुणी चालू केलं नव्हतं.

सीएनसीवर फ्लँज डावीकडे घेण्याचा विचार झाला आणि सोडून द्यावा लागला. ड्रायव्हर प्लेट, शाफ्टला आधार देणाऱ्या स्टेडीची जागा, प्रोग्राम, सगळंच उलटं करावं लागलं असतं, आणि दोन टप्प्यांच्या पॉलिशने काम भागत होतं. कूलंटचा नवा पंप राहिला. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही हे मालकांना माहीत आहे, पण व्हीलचा खर्च कमी झाल्यावर त्यांनी तो काढायचं नाव घेतलं नाही.

जे सुटलं नाही ते ड्रॉइंगचं. पॉलिशची शेवटची दिशा ड्रॉइंगवर लिहावी असा आग्रह आम्ही धरला. ग्राहकाच्या डिझाइन विभागाचं म्हणणं, दिशा ही प्रक्रिया आहे, ड्रॉइंगवर फक्त निकाल लिहायचा. त्यांच्या नियमाने ते बरोबर असेल, पण मग निकाल मोजायचं माप तरी द्या. ड्रॉइंगवर अजून आरए ०.४ एवढंच आहे. खराब झालेल्या शेलची डेबिट नोट कारखान्याने अर्धी सोसली. उरलेल्या अर्ध्याचा पत्रव्यवहार हे लिहिताना चालूच आहे, आणि आपल्यावरचा पहिला आळ लेखी मागे घेतला जावा असं पत्र फौंड्रीने त्यात तिसऱ्या बाजूने जोडून दिलं आहे.